मेंढ्यांच्या तळावरची कुत्री: पशुवैद्य मित्रास पत्र

सोलापूर,
गड्डा उठल्यानंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीला अर्ज करू का आणि विषय कोणता घेऊ, हे तू सरळ विचारलंस, म्हणून उत्तर आधी लिहितो आणि कारणं मग. अर्ज कर. खात्याकडून शिकायला जायची परवानगी मिळत असेल तर एम.व्ही.एस्सी. परजीवीशास्त्रातच कर. शिरवळचं कॉलेज मिळालं तर उत्तम, आपल्या जवळ आहे. मुंबईत परळचं मिळालं तरी नाही म्हणू नकोस. तुझे सहकारी म्हणतात, शस्त्रक्रिया घे, नाहीतर प्रजननशास्त्र घे, जंतांत आता काय उरलंय, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर औषध पाजलं की काम संपलं. ते वाचून मला राहवलं नाही. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मागे आमच्या लॅबला सर्जरीकडून एक नमुना आला. माणदेशाकडच्या मेंढपाळ घरातली बाई. उजव्या कुशीत जडपणा होता, बरीच वर्षं तिने तो अंगावर काढला होता. सोनोग्राफीत यकृतात पाण्याने भरलेली मोठी गाठ, आणि तिच्या पोटात बारक्या बारक्या गाठी. सर्जननी ती जपून काढली. सुई घालून नुसतं पाणी ओढायला गेलं आणि ते पोटात सांडलं, तर रुग्णाला जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि सांडलेल्या प्रत्येक थेंबातून नवी गाठ धरू शकते, हे तुला माहीतच आहे. माझ्याकडे आलेलं पाणी अगदी स्वच्छ होतं. ते फिरवून तळाला बसलेली बारीक वाळू स्लाइडवर घेतली. एकायनोकॉकस या फितीसारख्या जंताची, म्हणजे टेपवर्मची, डोकी आणि त्यांच्यावरचं आकड्यांचं कडं इतकं स्पष्ट दिसलं की शेजारच्या टेबलावरच्या विद्यार्थ्यांना बोलावून दाखवलं.

निदान झालं, रिपोर्ट गेला. पण खरं काम मला त्यानंतर दिसलं. रिपोर्ट घ्यायला तिचा नवरा आला होता. त्याने विचारलं, "डॉक्टर, आता घरात मटण बंद करू ना?" मी विचारलं, तळावर कुत्री किती? म्हणाला, "आहेत की तीन-चार. राखणीला लागतातच." गावच्या जत्रेत बकरं पडलं की काळीज-फुप्फुसातला पाण्याच्या गाठींचा भाग कुणी खात नाही, तो कुत्र्यांपुढेच टाकतात, हेही त्याने सहज सांगितलं. मटण सोडून काहीच होणार नव्हतं. माणसाला ही गाठ मटणातून होत नाही, अशा गाठी खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमधून होते. ती अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात, हाताला लागतात, पाण्यात आणि भाजीवर जातात. शाकाहारी घरातही हा आजार होतो तो त्यामुळेच. मी त्याला कागदावर मेंढी, कुत्रा आणि माणूस काढून बाण दाखवले. त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "मग कुत्र्याला काय देऊ?" प्राझिक्वांटेल असं जंताच्या औषधाचं नाव लिहून दिलं आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जायला सांगितलं. पुढे त्या कुत्र्यांचं काय झालं, औषध मिळालं का, ती तपासली का, याचा माझ्याकडे काही पत्ता नाही. माझ्या रजिस्टरात कुत्र्याला रकानाच नाही. तुमच्या रजिस्टरात माणसाला नसेल.

यासाठी मला तू हवा आहेस, आणि नुसता पदवीधर नको, परजीवींवर काम केलेला हवा आहेस.

कुत्र्यातला हा टेपवर्म जेमतेम काही मिलिमीटरचा. हजारोंनी आतड्यात असला तरी कुत्रं धडधाकट, शेपटी हलवत फिरतं. विष्ठा मायक्रोस्कोपखाली घेतली आणि अंडं दिसलं तरी ते एकायनोकॉकसचं की टिनिया या दुसऱ्या, साध्या टेपवर्मचं, हे डोळ्याने कुणालाच सांगता येत नाही, दोन्ही हुबेहूब एकसारखी. त्यासाठी विष्ठेतलं अँटिजेन, म्हणजे जंताचा अंश, तपासावं लागतं किंवा पीसीआर करून त्याचा डीएनए. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांपैकी किती कुत्री ही अंडी टाकतात, हे कळायला कुणीतरी तळातळावर हिंडून नमुने गोळा करायला हवेत. ते मेंढ्या शेतात बसवतात, आज इथे तर परवा पुढच्या गावात, आणि तळ हलला की पाठोपाठ जायला हवं. मी डॉक्टर म्हणून गेलो तर ते तोंडदेखलं बोलतील. तू मेंढीचे डोळे उघडून पापणीचा रंग बघशील, एखादीच्या जबड्याखाली पाणी साचलंय ते हाताने चाचपशील, आणि पाच मिनिटांत ती माणसं तुझ्याशी घरच्यासारखी बोलायला लागतील. हे मी पाहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ही अंडी थंड, ओलसर जागी महिनोन्महिने टिकतात, पण कोरड्या उन्हात लवकर मरतात. मग आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात उघड्या माळावर त्यांचं काय होत असेल? आणि विहिरीच्या कडेला, उसाच्या सावलीत, कालव्याच्या ओलीला, पाण्याच्या टाकीखाली काय होत असेल? उजनीचं पाणी आल्यापासून जिल्ह्यात ओलीत राहणारी जमीन किती वाढली ते तू बघितलंस. कोरड्या मुलखात हा आजार कमी असायला हवा असं पुस्तकावरून वाटतं, पण कुत्रं काही माळावर झोपत नाही, ते टाकीखालच्या ओलीत झोपतं. यावर तुझ्या प्रबंधाचा विषय निघू शकतो. माझं मत विचारशील तर यापेक्षा चांगला विषय तुला शोधूनही मिळणार नाही.

तुझे सहकारी म्हणतील, एका पशुवैद्याने कुत्री मोजून काय होणार. त्यांना आइसलँडचं सांग. एकोणिसाव्या शतकात तिथे या गाठींनी माणसं हैराण झाली होती. 1863 साली हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश परजीवीशास्त्रज्ञ तिकडे गेला. त्याने कुत्री तपासली, तेव्हा साधारण चारातल्या एका कुत्र्यात हा टेपवर्म सापडला. मग साध्या भाषेत एक पुस्तिका काढून ती तिथल्या लोकांपर्यंत पोचवली गेली: कुत्र्याला आतडी-काळीज घालू नका, गाठी पुरून किंवा जाळून टाका. पुढे कायदे झाले, कुत्र्यांना औषध देणं सुरू झालं, आणि तो आजार त्या बेटावरून नाहीसा झाला. सुरुवात कुत्री मोजण्यापासूनच झाली होती.

आता माझ्या बाजूचं थोडं. आमच्याकडे लोक समजतात की मायक्रोस्कोप म्हणजे सगळं दिसणारच. पण कधी बघायचं आणि काय विचारायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर समोर असलेलंही दिसत नाही. आपला जिल्हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो. त्या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री बोटातल्या रक्तात येतात, डास चावायच्या वेळेला. म्हणून सर्वेक्षणाची माणसं रात्री साडेआठनंतर दारोदार जातात. यंत्रमागाच्या वस्तीत दिवसपाळी करून जेवून आडवा झालेला माणूस उठून बोट पुढे करतो, त्याचं मला फार कौतुक वाटतं. त्याच माणसाचं रक्त सकाळी अकराला घेतलं तर बहुधा काहीच दिसणार नाही, आणि रिपोर्टवर निगेटिव्ह लिहिलं जाईल. शौचाच्या तपासणीचंही तसंच. जंताची अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागायचे असतात. एकाच नमुन्यावर लोक निर्धास्त होतात. अमीबाचं तर आणखी वाईट. रोग करणारा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार या दोन अमीबांचे सिस्ट, म्हणजे कवचातली अवस्था, दिसायला सारखेच, पण सिस्ट दिसला की मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सुरू. पोट दुखलं की जंत, जंत म्हटलं की गोळी, ही सवय माणसांच्या दवाखान्यातही आहे आणि तुमच्याकडेही आहे. तूच सांगितलं होतंस की काही कळपांत जंताचं औषध आता पूर्वीसारखं लागू पडत नाही. औषध द्यायच्या आधी आणि नंतर लेंड्यांतली अंडी मोजली नाहीत, तर ते लागू पडलं की नाही कळणार कसं?

एका प्रकारच्या रुग्णांबद्दल मात्र तुला सांगायचंच आहे, कारण त्यांच्याकडे कुणी नीट बघत नाही. ते काडेपेटीत किंवा प्लास्टिकच्या पुडीत काहीतरी घेऊन येतात. म्हणतात, अंगातून किडे निघतात, हे बघा. यंत्रमागावर काम करणारा एक माणूस असाच आला होता. हातापायांना ओरबाडून जखमा, रात्र रात्र झोप नाही, तीन-चार दवाखाने झालेले, आणि प्रत्येक ठिकाणी पुडी न उघडताच परत पाठवलेला. मी पुडीतला प्रत्येक तुकडा स्लाइडवर घेतला. सगळे सुताचे तंतू होते, कापसाचे आणि रंगवलेले. मग त्यालाच खुर्चीवर बसवलं आणि आयपीसमधून बघायला लावलं. शेजारी खऱ्या जंताची स्लाइड लावली, त्याच्या अंगाला आतडं कसं असतं, तोंड कुठे असतं ते दाखवलं, आणि त्याच्याच शर्टाचा एक धागा काढून तोही दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. एवढ्याने तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. अंगात किडे आहेत असा पक्का भ्रम होण्याच्या या आजाराला मानसोपचार लागतात, आणि पुढे तो तिकडे जायला तयार झाला. पण आधी कुणीतरी त्याची पुडी उघडून बघितली म्हणून तयार झाला, असं मला मनापासून वाटतं. आणि पुडी उघडायचीच असते, कारण कधीकधी तिच्यात खरोखरच माशीची अळी निघते, किंवा टेपवर्मचा पेर निघतो. न बघता नाही म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. जनावरं पुडी आणू शकत नाहीत, त्यांच्या वतीने तुम्हालाच बघावं लागतं.

चंद्रपूरची गोष्ट तू ऐकली असशील, तरी पुन्हा सांगतो. 2004 साली त्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रक्तात वळवळणारे ट्रिपॅनोसोम, म्हणजे एकपेशी परजीवी, दिसले. तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय निघाला, तुमच्या जनावरांतल्या सर्रा या आजाराचा जंतू. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने 1880 साली डेरा इस्माईल खानला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधलेला. माणसाला तो होत नाही असं सगळे धरून चालले होते, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन, एपीओएल1, त्याला मारून टाकतं. त्या शेतकऱ्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. सुरामिन देऊन त्याला बरं केलं. माणसातला असा नीट नोंदवला गेलेला पहिला रुग्ण आपल्या महाराष्ट्रातला आहे. तुझ्यासारख्याने म्हशीच्या रक्तात तो जंतू कैकदा पाहिलेला असतो. आमच्यापैकी बहुतेकांनी तो फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलाय. असा रुग्ण उद्या पंढरपूरला किंवा बार्शीला आला, तर स्लाइड बघणाऱ्याने फोन कुणाला करायचा?

नारूचंही तेच. आपल्या आज्या पायातून निघणारा तो दोरा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायच्या, ते त्यांच्या तोंडून आपण ऐकलंय. लस नव्हती, औषध नव्हतं. पाणी गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून देशाने तो घालवला. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. पण आफ्रिकेत चाडमध्ये माणसांतला नारू संपत आला, तेव्हा 2012 पासून तो कुत्र्यांत सापडू लागला. आता तिथे कुत्र्यांवर लक्ष ठेवल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

तर आपण काय करायचं ते मी असं मनात धरलंय. तुझा प्रवेश झाला की विषय एकायनोकॉकसचा मांड. सांगोला, मंगळवेढा आणि माळशिरस या बाजूचे तळ घेऊ. तू कुत्र्यांचे नमुने आणि कत्तलीनंतरच्या काळजा-फुप्फुसांच्या नोंदी घे. मी त्याच घरातल्या माणसांच्या सोनोग्राफीची व्यवस्था बघतो. रक्ताच्या तपासणीवर एकट्यावर विसंबू नये, गाठ असूनही ती निगेटिव्ह येते. गाठ फार सावकाश वाढते, म्हणून आज घरात कुत्रं आहे का एवढंच विचारून भागणार नाही. लहानपणी होतं का, मुलगी माहेरी असताना होतं का, हेही विचारायचं. प्रश्नावली मी लिहितो, तू तिच्यातली भाषा तळावरची कर. ज्या कुत्र्यांचा नमुना घेऊ त्यांना तिथेच प्राझिक्वांटेल देऊन पुढे जायचं, निकालाची वाट बघायची नाही. पुन्हा बाधा झाली तर अंडी पडायला सहा-सात आठवडे लागतात, त्यामुळे दर सहा आठवड्यांनी औषध देता आलं तर अंडी पडायच्या आधीच जंत मरतील. तळ फिरता असताना हे कसं जमवायचं, ते मला कळत नाही, तुला सुचेल.

नमुन्यांबाबत एक काळजी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे उत्साहात उघड्या हाताने काही करणार नाहीस. ही अंडी फॉर्मालिनने मरत नाहीत, घरातल्या फ्रीजच्या बर्फातही मरत नाहीत. आधी काही दिवस उणे 80 अंशांत ठेवल्याशिवाय कुत्र्याच्या विष्ठेचा डबा उघडायचा नाही. तसला फ्रीझर इथे कुणाकडे मोकळा आहे ते मी या आठवड्यात विचारून ठेवतो. तू अर्जाची शेवटची तारीख बघ आणि मला कळव. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
शाळेतला बाकशेजारी