नऊ एकांच्या वर्गासाठी बाईंचे आभार

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला कशाकशाने भाग जातो यावरची तुमची पानं वेंगुर्ल्यात आम्हा सगळ्या गणित शिक्षकांकडे फिरून झाली. नुसती उत्तरं न देता प्रत्येक पायरी का घ्यायची तेही तुम्ही लिहिलंत, म्हणून हे जाहीर आभार.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. अशा एकांच्या वर्गांना गणितज्ञ कापरेकरांनी डेम्लो संख्यांत धरलं, त्यांतलीच ही एक. कापरेकर जन्माने डहाणूचे, आपल्याच किनाऱ्याचे. हे मुलांना आधी सांगा, असं तुम्ही समासात लिहिलंत ते फार आवडलं.

उजवीकडून तीन-तीनचे गट पाडले की १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. बेरीज २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. तेव्हा ९९९ ने भाग जातो आणि ओघाने ३७ नेही. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून या तिघांसाठी तेच गट उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करायचे; ३०९ येतात. त्याला ७ ने भागून बाकी १, ११ ने १, १३ ने १०, तिघेही बाद. पण इथेच थांबलं तर चूक होते, कारण २९९७ मध्ये ३७ एकदाच येतो आणि मूळ संख्येत दोनदा आहे. म्हणून वर्गमुळाचेच अवयव पाडायचे: ९ × ३७ × ३३३६६७. वर्गात घात दुप्पट होतात, ३ चा चौथा आणि बाकी दोघांचा दुसरा; विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

खरी मेख ३३३६६७ मूळ आहे हे दाखवण्यात. सरळ गेलं तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. तुम्ही दाखवलंत, की याची तिप्पट १००१००१, आणि तिला ९९९ ने गुणलं की नऊ नवांची संख्या. म्हणजे ३३३६६७ चा मूळ अवयव नऊ नवांना भागणारच. तो ९९९ लाही भागत असेल तर ३ किंवा ३७ च असणार, पण ३३३६६७ ला या दोघांनीही भाग जात नाही. मग १० चा जो सर्वांत लहान घात त्या अवयवाने भागून बाकी १ ठेवतो, तो नववाच. फर्माच्या प्रमेयाने अवयवाहून एकने लहान घातालाही बाकी १ च उरते, म्हणून अवयवातून १ वजा केला की ९ ने भाग जायला हवा, आणि अवयव विषम असल्यामुळे १८ नेही. तपासायला उरल्या १९, ३७, ७३, १०९ अशा फक्त सतरा मूळ संख्या. शेवटची ५७७, बाकी १६१. एकीनेही भाग जात नाही!

मोबाइलबद्दलचा तुमचा इशाराही मोलाचा. स्प्रेडशीट पंधराच अंक धरते आणि शेवटच्या २१ च्या जागी ०० ठेवते. मग या विषम संख्येला १०० ने भाग जातो असं दिसतं. आकडेमोड वहीतच.

दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो, मधला दहा हातचा देतो आणि चढउतार मोडतो. ते पान मुलांना उत्तर झाकून देणार आहोत.

कळावे,
आपले,
वेंगुर्ल्यातले गणित शिक्षक