काचपट्टी वाचणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. पॅथॉलॉजिस्टची आणि पेशंटची गाठ सहसा पडत नाही, त्यामुळे आभार सगळे वॉर्डातल्या डॉक्टरांच्या वाट्याला जातात. म्हणून हे जाहीर पत्र.

आईच्या बायॉप्सीत ‘जठराचा लिम्फोमा’, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, निघाला आणि घरात केमोचीच भाषा सुरू झाली. मी रिपोर्ट घेऊन तडक तुमच्याकडे आले. तुम्ही हातातलं काम ठेवलंत आणि मला मायक्रोस्कोपसमोर बसवलंत. आधी ग्रंथींमध्ये घुसलेल्या जांभळट पेशी दाखवल्यात. मग वेगळा रंग दिलेली दुसरी स्लाइड, तिच्यात श्लेष्माला चिकटलेल्या बारीक, वाकड्या काड्या. “हे हेलिकोबॅक्टर पायलोरी, जठरात राहणारे जंतू. लिम्फोमा यांच्याच जिवावर वाढतोय.”

निरोगी जठरात लिम्फॉइड ऊती, म्हणजे लिम्फ पेशींचे थर, जवळजवळ नसतातच, हे मला तेव्हा कळलं. जंतू ठाण मांडतो, त्याच्याशी लढायला बी-पेशी (लिम्फ पेशींचाच एक प्रकार) गोळा होतात, आणि वर्षानुवर्षं डिवचल्या गेल्यावर त्यांतलाच एखादा गट बेलगाम वाढू लागतो. हा माल्ट लिम्फोमा. सुरुवातीच्या टप्प्यात जंतू मारला की बहुतेकांचा तो ओसरतो, हे १९९३ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. कॅन्सरवर अँटिबायोटिक! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी थाप समजले असते.

पण तुम्ही नुसता दिलासा दिला नाहीत. ११ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांत अदलाबदल असेल तर गोळ्यांनी सहसा भागत नाही, रेडिएशन लागू शकतं, हेही सांगितलंत आणि ती तपासणी करवून घेतलीत. आईला ती अदलाबदल नव्हती.

दोन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारी गोळी, १४ दिवस. तोंडाला आलेल्या कडवटपणाबद्दल आई अजून बोलते. जंतू गेला का हे श्वासावरून पाहणाऱ्या ब्रेथ टेस्टआधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद हवी, नाहीतर जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, ही आठवणही तुमचीच.

जंतू गेला, तरी पुढच्या बायॉप्सीत लिम्फोमाच्या पेशी होत्याच. आम्ही पुन्हा घाबरलो. तुम्ही जुन्या स्लाइड काढून नव्यांशी ताडून पाहिल्यात आणि आमच्या डॉक्टरांना फोन केलात: कमी होतंय, वर्षभरही लागू शकतं, घाई नको. त्या फोनमुळे आईचं रेडिएशन टळलं.

यावेळचा रिपोर्ट स्वच्छ आला. तपासण्या चालूच राहतील. पुढचे तुकडेही तुमच्याकडेच पाठवा, असं आम्ही डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

आपली,
एका पेशंटची मुलगी