ताई, ती वाटी उपडी केल्याबद्दल…

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. शिवाय परतल्यापासून तिघांनी विचारून झालं, "एप्रिलात आल्प्समध्ये पावडर मिळाली कुठे तुम्हाला?" (पावडर म्हणजे स्की करणाऱ्यांना हवाहवासा वाटणारा ताजा, भुसभुशीत बर्फ.) त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

पाडव्याच्या कार्यक्रमात मी मोठ्या ऐटीत तुम्हाला माझी एक्सेल शीट दाखवली होती. शामोनी, व्हर्बिए, सांक्ट आन्टोन, एंगेलबर्ग. प्रत्येकापुढे लिफ्टची संख्या, पिस्टचे (आखून तयार केलेल्या स्की-वाटांचे) किलोमीटर, हॉटेलचे दर. एका ठिकाणचं हॉटेल तर पैसे परत न मिळण्याच्या अटीवर बुक करायच्या बेतात होतो. तुम्ही शीट वर-खाली केली आणि विचारलंत, "उतारांची तोंडं कुठे आहेत? किती उंचावर? आणि तुम्ही उठणार किती वाजता?" यातला एकही रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता.

मग तुम्ही श्रीखंडाची रिकामी वाटी पुसून टेबलावर उपडी ठेवलीत आणि मोबाइलचा टॉर्च लावलात. टॉर्च खाली धरला: हा जानेवारी. वाटीची एकच बाजू उजळली. टॉर्च वर नेला: हा एप्रिल. उजेड पूर्व-पश्चिमेच्या बाजूंनाही चढला, सावली उरली ती मागच्या, म्हणजे उत्तरेच्या, एका चंद्रकोरीएवढी. "एप्रिलच्या मध्याचा सूर्य ऑगस्टअखेरीइतका वर असतो. नवा बर्फ पडला तरी दक्षिणेच्या उतारावर दुपारपर्यंत त्याची खीर होते आणि रात्री तीच गोठून पापडी. तुम्हाला पावडर हवी ना? मग ती या चंद्रकोरीत शोधा, चोवीसशे मीटरच्या वर." माझ्या शेजारी बसलेल्या काकूंना वाटलं, तुम्ही ग्रहणाबद्दल बोलताय.

एंगेलबर्गचा आग्रह माझा होता. टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी आई-बाबांचा फोटो आहे, त्यामुळे ते गाव घरचंच वाटतं. आणि तिथला लाउब नावाचा उतार म्हणजे सलग हजारेक मीटर उतरण्याची चैन. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "लाउब जानेवारीत कर. पायथा फार खाली आहे, एप्रिलात शेवटचा तिसरा हिस्सा चिखलातून येशील."

ठरलं आन्डरमाट. कारण तिथला गेम्सश्टोक डोंगर २९६१ मीटर, केबलकार थेट माथ्याशी नेते आणि मुख्य उतार उत्तरेकडे तोंड करून बसलेला. पण मला जास्त आवडला तो तुमचा दुसरा हिशोब. तिथली गॉटहार्डची डोंगररांग म्हणजे हवामानाचं कुंपण. उत्तरेकडून वादळ आलं तर बर्फ दारातच. दक्षिणेकडून आलं तर उत्तरेकडच्या दऱ्यांत फ्योन सुटतो (आपला फोन नव्हे, बर्फ खाणारा तो गरम वारा) आणि बर्फ पलीकडे पडतो. मग फुर्काच्या बोगद्यातून रेल्वेने फिस्पला जायचं आणि तिथून बसने सास-फे गाठायचं. "जागा एक पकडा, डोंगर दोन ठेवा," हे तुमचं वाक्य मित्राने फोनचा वॉलपेपर करून ठेवलंय.

वादळ उत्तरेकडूनच आलं. दीड दिवस बर्फ पडत होता. मधल्या वेळात तुम्ही दिलेला गृहपाठ केला: हॉटेलमागच्या मैदानात बीपर (गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारं यंत्र) पिशवीत घालून पुरायचा आणि शोधायचा. पहिल्या खेपेला आम्हाला अकरा मिनिटं लागली. हिमस्खलनाखाली गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, हे माहीत असल्यामुळे आम्हा तिघा मित्रांपैकी कुणीच हसलं नाही. चौथ्या खेपेला साडेतीन मिनिटं. फावडं मारणं हे शोधण्याहून जास्त दमवतं, हेही तेव्हाच कळलं.

आता त्या दिवसाबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. संध्याकाळी पाचला दावोसच्या संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन आलं. धोका ३, उत्तर ते पूर्वेकडे तोंड असलेले उतार, २४०० मीटरच्या वर. म्हणजे नेमकी आमची चंद्रकोर. मी तुम्हाला फोनवर म्हटलं, "पाचपैकी तीन म्हणजे मध्यमच की." तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. "ही परीक्षेतली टक्केवारी नव्हे. चार-पाचला लोक घरी बसतात, तीनला बाहेर पडतात, म्हणून सर्वांत जास्त माणसं तीनलाच मरतात. उद्या तीस अंशांच्या आतले उतार, पिस्टच्या कडेने. बाकी नको."

सकाळी आकाश निळंशार. मित्र रुसला होता. नकाशावर तीस अंशांपासून पुढचे उतार पिवळे, केशरी, लाल दिसतात. आम्ही दिवसभर पांढऱ्या भागात खेळलो. समोरच्या उतारावर पाच-सहाजण उतरले, सुरेख वळणं काढत, आणि हसत खाली पोचले. काहीही झालं नाही. ताई, गोष्टीत असतं तसं तिथे स्खलन झालं असतं तर मला मित्रासमोर बोलायला जागा मिळाली असती. तुमचं बरोबर होतं की नाही हे आम्हाला कधीच कळणार नाही. तरी रात्री जेवताना तोच मित्र म्हणाला, "उद्याचं बुलेटिन काय म्हणतंय?"

दोन दिवसांनी धोका २ वर आला. तुम्ही बजावल्याप्रमाणे गाईड घेतला होता. पहिली केबलकार, मग फेल्सेनटाल. दरीत सकाळची निळसर सावली अजून तशीच. गाईडने काठी खुपसून पाहिली, मूठभर बर्फ उचलून फुंकला, आणि तो चिमटीतून सुटलेल्या रांगोळीसारखा उडाला. पहिल्या वळणाला गुडघ्यापर्यंत बुडालो आणि आवाजच थांबला. स्कीचा करकर आवाज नाही, काही नाही. मित्र मागून "आईशप्पथ!" असं ओरडला तेवढंच. खाली गेल्यावर बर्फ जड झाला, मांड्या भरून आल्या, पण तोवर साडेदहाच वाजले होते.

सगळ्या आठवड्यात खरी पावडर म्हणाल तर दोन सकाळी मिळाली. तुम्ही सांगितलं होतंत, "एक मिळाली तरी पार्टी द्या." म्हणजे दोन पार्ट्या लागू.

तुमचं फावडं अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या रविवारी आणून देतो. आई पुण्याहून आलीये. वाटीची गोष्ट ऐकल्यापासून तिला तुम्हाला भेटायचंय. श्रीखंड ती घरीच करून आणणार आहे.

आपला,
एक्सेलवाला