कोड पुसला, दुखणं तिथेच

महोदय,

गाडीचा ‘चेक इंजिन’चा दिवा तिसऱ्यांदा लागला तेव्हा माझा संयम संपला. गॅरेजवाल्याने दोनदा गाडीच्या संगणकात साठलेला बिघाडाचा कोड नुसता पुसून पैसे घेतले होते. शेवटी हा कोड वाचणारा स्कॅनर आणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. कोड पी ०४५५, म्हणजे इंधनाच्या वाफेची मोठी गळती. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, तर रबरी रिंगला चीर! झाकण बदललं, दिवा मात्र काही दिवस गाडी चालवल्यावरच विझला. कोड पुसताना बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते, हे मेकॅनिक गिऱ्हाइकाला का सांगत नाहीत? (दिवा लुकलुकत असेल तर घरगुती प्रयोग नकोत. मिसफायरने, म्हणजे इंजिनात इंधन नीट न पेटल्याने, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, गाडी थांबवावी.)

– एक वाहनचालक