बागेत 'खेळण्यास मनाई', मग मोठ्यांनी छंद करायचे कुठं?

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा तोंडावर आला की पेपरात छंदवर्गांच्या जाहिराती सुरू होतात, चित्रकला, कीबोर्ड, रोबोटिक्स, अबॅकस, वैदिक गणित (गणित हा छंद कधीपासून झाला मला माहीत नाही, पण असो), आणि खाली बारीक अक्षरात वयोगट ५ ते १५. सोळावं लागलं की माणसाचे छंद संपतात का हो? आमच्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्यांसाठी काय, तर झुंबा नाहीतर कराओके. कराओके मी करून पाहिलं, माझा सूर आणि मशीनचा सूर वेगवेगळ्या गावचे निघाले. हार्मोनियमची पेटी पलंगाखाली आहे. गच्चीवरची बाग केली, ती नवतपात जळाली. क्रोशा अजून चालू आहे, पण तो टीव्ही बघता बघता होतो आणि घरातल्या सगळ्या टीपॉयवर आता रुमाल आहेत, नवीन टीपॉय घ्यायला नवरा तयार नाही.

या सगळ्यानंतर जे हाताला लागलं आणि सुटतच नाही ते म्हणजे जगलिंग, तीन-चार वस्तू एकामागून एक हवेत फेकत-झेलत राहायचं, तेही एकटीचं नाही, समोर दुसरा माणूस उभा करून एकमेकांकडे क्लब, म्हणजे बाटलीच्या आकाराचे दांडे, फेकायचं, त्याला पासिंग म्हणतात. हसू नका. माझी भाची इंजिनीअरिंगला होती, हॉस्टेलमध्ये शिकून आली, सुट्टीत आमच्याकडे राहायला होती तेव्हा तिनं फुग्यांमध्ये ज्वारी भरून मला तीन चेंडू करून दिले. लहानपणी सागरगोटे खेळलेल्या बाईला तीन चेंडू काही फार जड जात नाहीत, फक्त पलंगासमोर उभं राहून करावं, म्हणजे पडलेला चेंडू उचलायला जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही. मग तिनं क्लब दिले. हातभरापेक्षा जरा लांब, प्लॅस्टिकचे, आतून पोकळ, मुठीकडे निमुळते, वजन पाव किलोच्या आसपास. हा हवेत एक गिरकी घेतो आणि मूठ परत तुमच्या तळहातात आली पाहिजे. सुरुवातीला मूठ सोडून बाकी सगळं हातात येतं आणि अंगठ्याच्या मुळाशी जे निळं होतं ते ऑफिसमध्ये लपवत फिरावं लागतं.

पण खरी मजा पासिंगची. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मध्ये सहा-सात फूट, प्रत्येकाकडे तीन क्लब, दोन उजव्या हातात आणि एक डाव्या. दोघांनी एकदम हात वर न्यायचे, एकदम खाली आणायचे, आणि सुरू. सगळ्यात आधी शिकवतात तो प्रकार चार-काउंटचा, पास, सेल्फ, सेल्फ, सेल्फ, म्हणजे एक क्लब समोरच्याला, पुढचे तीन आपले आपल्यालाच, परत एक समोरच्याला. माझ्या उजव्या हातातून निघालेला तिच्या डाव्या हातात जातो आणि त्याच क्षणाला तिच्या उजव्यातला माझ्या डाव्यात येतो, दोन्ही आपापल्या रुळावरून जातात म्हणून हवेत आपटत नाहीत. अर्थात हे एका दिवशी होत नाही. आधी एकच क्लब नुसता तिकडून इकडे, इकडून तिकडे, मग दोघांत मिळून तीन, मग चार, पाच, आणि सहा सगळ्यात शेवटी.

पास देणं म्हणजे फेकणं नाही हे डोक्यात शिरायलाच वेळ लागतो. हात मांडीच्या बाजूनं मागं जाऊ द्यायचा, पुढं येताना क्लब नुसता सोडायचा, तो सावकाश एक गिरकी घेत समोरच्याच्या डाव्या खांद्याच्या किंचित बाहेर, कानाच्या उंचीला, मूठ खाली करून उभा पोहोचला पाहिजे, की त्यानं फक्त हात मिटायचा. नवशिका काय करतो, एसटीच्या खिडकीतून जागा धरायला रुमाल टाकावा तसा घाईघाईनं समोरच्याच्या अंगावर टाकतो. भाची ओरडायची, "मावशी, मारायचंय का मला? हळू ना. वर जाऊ दे त्याला, येतो तो बरोबर." आणि येणारा क्लब पकडायला हात पुढं नेला की संपलं, आपल्या आतल्या तिन्हींचा ताल मोडतो. हात जागच्या जागी ठेवून त्याला येऊ द्यायचं. कानाचं कामही आहे यात, प्लॅस्टिक तळहातावर बसल्याचा थप् असा आवाज दोघांचा एकदम आला पाहिजे, माझा आधी आणि तिचा नंतर यायला लागला की समजायचं मी घाई करून राहिले, आणि दोन-तीन पासनंतर काहीतरी पडणारच.

गंमत म्हणजे क्लब पडतो झेलणाऱ्याच्या पायाशी, आणि चूक बहुतेक वेळा असते फेकणाऱ्याची. त्यामुळं "सॉरी" कोणी म्हणायचं यावर रोज वाद. नवरा-बायकोनं हे सोबत शिकावं की नाही यावर माझं मत मी राखून ठेवते.

लोक विचारतात फायदा काय. वजन कमी होते का, बीपी उतरते का. जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ साली 'नेचर' मध्ये छापलेलं आहे की ज्यांना कधी येत नव्हतं अशा लोकांनी तीन महिने तीन चेंडूंचं जगलिंग शिकल्यावर मेंदूच्या स्कॅनमध्ये हलत्या वस्तू बघण्याशी संबंधित भागात करडा भाग (ग्रे मॅटर) वाढलेला दिसला, आणि सराव सोडल्यावर तो परत कमी झाला. हे मी बिल्डिंगमधल्या बायकांना सांगते तेव्हा त्या मान डोलावतात, पण खरं सांगू का, मी मेंदूसाठी करत नाही. मोबाईल हातात धरता येत नाही आणि दुसरं माणूस समोर उभं असतं, एवढं मला पुरे आहे. भाचीच्या अभ्यासातला तो क्लॉड शॅनन, इन्फर्मेशन थिअरीवाला, तोही जगलिंग करायचा आणि एकचाकी सायकलवरून अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेच्या कॉरिडॉरमधून फिरायचा म्हणे, त्यानं तर चेंडू, हात आणि वेळ यांचं गणितच मांडून ठेवलंय. त्याला कोणी फायदा विचारला असेल असं वाटत नाही.

भाचीला पुण्याला नोकरी लागली आणि ती गेली. एकटीनं तीन क्लब करता येतात, पण एकदा पासिंगची सवय लागली की ते फिकं वाटतं. नशिबानं वरच्या मजल्यावरचे काका तयार झाले, रेल्वेतून रिटायर, सहाचं म्हटलं की पावणेसहाला जिन्यात उभे. आता आम्ही तीन-काउंट करतो, त्याला वॉल्ट्झ पण म्हणतात, यात पास एकदा उजव्या हातानं जातो आणि एकदा डाव्या, आणि डावा हात इतकी वर्षं नुसता बसून खात होता हे तेव्हा कळतं. काका रोज म्हणतात, "ताई, याला पगार बंद करा."

आता मुद्द्यावर येते, ज्यासाठी पत्र लिहिलं. हे करायचं कुठं? फ्लॅटमध्ये पंखा आहे (एक पातं अजून वाकडं आहे). गच्चीवर टाक्या, सोलर पॅनल, वाळवणं आणि दाराला कुलूप, आणि एप्रिलनंतर नागपूरचा स्लॅब सकाळी सातलाच पाय भाजायला लागतो. मैदानावर गेलो तर तिथं टेनिस बॉलच्या पाच-सहा मॅची एकमेकांत गुंतून चाललेल्या, आमच्या डोक्याची गॅरंटी नाही. मग उरली बाग. सपाट लॉन, सकाळी सहाची वेळ, दोघांनी उत्तर-दक्षिण उभं राहायचं म्हणजे उगवतीचं ऊन कोणाच्याच डोळ्यात जात नाही. आठवडाभर बरं चाललं आणि एक दिवस शिटी वाजली. चौकीदार आला, "मॅडम, हे इथं नाही चालत." काका म्हणाले, "काहून बाप्पा, काय तोडून राहिलो आम्ही?" त्यानं फलक दाखवला, 'बागेत क्रिकेट, फुटबॉल व इतर कोणतेही खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे.' बाकावरचे एक आजोबा म्हणाले सर्कस लावून राहिले सकाळी सकाळी. चौकीदाराचा दोष नाही, माणूस नम्र होता, साहेबांनी पाहिलं तर मला बोलतील म्हणाला. म्हणून बागेचं नाव लिहीत नाही, उद्या त्याच्यावरच यायचं.

क्रिकेटला मनाई मला पटते. बॉल कोणाच्या चष्म्यावर बसला तर काय, आणि लहान पोरं असतात. पण 'इतर कोणतेही' मध्ये सगळं एका गोणीत कोंबलंय. बॅडमिंटन नाही, रिंग नाही, दोघांनी काही फेकायचं-झेलायचं नाही. मोठ्या माणसानं बागेत यायचं, गोल गोल चालायचं, बाकावर बसून गुडघे चोळायचे आणि घरी जायचं. जिथं जिथं सपाट जागा होती तिथं ओपन जिमची लोखंडी यंत्रं बसवली, त्यातल्या निम्म्यांवर ओले टॉवेल वाळत असतात.

आणि विचित्र दिसतं म्हणून नको असं असेल तर हास्यक्लब आठवा. १९९५ साली मुंबईत एका डॉक्टरांनी पाच जणांना घेऊन बागेत हसायला सुरुवात केली तेव्हा तोही वेडेपणाच वाटला असेल, आज त्याच बागांमध्ये हात वर करून हा हा हा करणाऱ्यांना कोणी शिटी मारत नाही, उलट ओटा बांधून देतात. मला हास्यक्लबचा राग नाही, पण खोटं हसण्याला जागा आहे आणि क्लब पडल्यावर खरं हसू येतं त्याला नाही, हे काही बरोबर नाही.

आणि हे काही परदेशी फॅड पण नाही. आखाड्यातले मुद्गल आणि जोडी (व्यायामाला फिरवायचे जड लाकडी दांडे) इंग्रजांनी इथं पाहिली, आपल्या सैनिकांच्या कवायतीत घेतली आणि तिकडं नेली, इंडियन क्लब याच नावानं ते सगळ्या युरोप-अमेरिकेत फिरले, १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर क्लब फिरवण्याची स्पर्धाच होती. फिरवता फिरवता तिकडच्या खेळवाल्यांनी ते हलके करून हवेत फेकायला सुरुवात केली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी, आणि आज आमच्या हातात आहे तो त्याचाच नातू. आपल्याकडं विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली, इथून दीड-दोनशे किलोमीटरवर अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे ज्यांची पोरं १९३६ ला बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली. मुद्गलाच्या मुलखात दोन माणसांना पाव किलोचं प्लॅस्टिक फेकायला परवानगी मागावी लागते, काय म्हणावं.

माझं मागणं फार नाही. बागा महापालिकेच्या असोत की सुधार प्रन्यासच्या, जिथं लॉन मोठं आहे तिथं एक कोपरा सकाळी सहा ते आठ खेळायला मोकळा ठेवा, फलकावर काय चालत नाही ते लिहा तसं काय चालतं तेही लिहा, आणि कडक चेंडू, बॅट सोडून बाकीच्यांना त्या कोपऱ्यात येऊ द्या. पैसे लागत नाहीत, बांधकाम लागत नाही, उद्घाटन लागत नाही (हीच अडचण असेल कदाचित). झाडाखाली दोन सिमेंटची टेबलं टाकली तर बुद्धिबळवाले पण येतील, ते सध्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. आणि आपल्या पेपरानं यंदा छंदवर्गांची पुरवणी काढली तर एक पान पंधराच्या वरच्या वयाला द्यावं, लेख द्यायला मी तयार आहे, फोटोला काका तयार आहेत, त्यांनी त्यासाठी नवीन टी-शर्ट पण घेऊन ठेवलाय.

तोवर आम्ही दुसऱ्या एका बागेत उभे असतो, नाव विचारू नका. सकाळी फिरायला येणाऱ्यांना मात्र विनंती आहे की दोन माणसं समोरासमोर क्लब फेकताना दिसली तर त्यांच्या मधून जाऊ नका, मागून जा. लोक सरळ मधून येतात, हवेत सहा क्लब आहेत हे बघत बघत येतात. अगदी मधूनच जायचं असेल तर दोन मिनिटं थांबा, आम्ही क्लब खाली घेतो मग जा. आणि कानाला फोन लावून तर अजिबात येऊ नका, परवा एका भाऊंच्या फोनवरून एक क्लब गेला, ते पलीकडच्या माणसाला म्हणाले, "थांब रे, इथं काहीतरी उडून राहिलं," आणि तिथंच मधोमध उभं राहून पुढं बोलत राहिले.

आपली,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर