पिशवी कलंडली म्हणून कळलं

महोदय,

औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझी तीस वर्षं गेली, पण एक मागणी काही थांबत नाही: 'बीपी वाढलंय, जिभेखाली फोडायची ती कॅप्सूल द्या.' परवा एक गृहस्थ तेच मागत होते. चिठ्ठी नव्हती. त्यांची पिशवी काउंटरवर कलंडली आणि आतली अँजिओग्राफीची फाइल बाहेर आली. तिन्ही धमन्यांत मोठे अडथळे. मी नाही म्हटल्यावर ते उखडले, 'प्रेशर उतरवणारं औषध हार्टला वाईट कसं?'

प्रश्न रास्त आहे. त्या कॅप्सूलमधलं निफेडिपिन प्रेशर झटक्यात उतरवतं, आणि ते कुठे जाऊन थांबेल याचा नेम नसतो. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. प्रेशर कोसळलं की ठोके वाढतात, विसावा आखडतो आणि अरुंद धमनीपलीकडचा स्नायू उपाशी राहतो. हा वापर थांबवा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९६ सालीच लिहिलं होतं. (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी वेगळी, तिच्याशी गल्लत नको.)

दुसरा प्रकार रक्त पळवण्याचा. मोठा अडथळा असला की त्यापलीकडच्या बारीक वाहिन्या आधीच पूर्ण सैलावलेल्या असतात. डायपिरिडामोलसारखं औषध मग निरोगी बाजूच्या वाहिन्या रुंदावतं आणि रक्त तिकडे वळतं. खालच्या मजल्यावरचे नळ सोडले की वरची धार तुटते, तसंच. हृदयाच्या स्कॅनमध्ये याच गुणाचा मुद्दाम उपयोग करतात, पण तिथे उतारा म्हणून अमिनोफायलिन हाताशी असतं. घरी कोण देणार?

मायग्रेनवरच्या ट्रिप्टान गोळ्या किंवा सर्दीतलं स्यूडोएफेड्रिन वाहिन्या आवळतात. डायक्लोफिनॅक तर गुडघा दुखला की सर्रास मागतात. हृदयाचा असा आजार असलेल्यांना ते देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये सांगितलं. उलट, चालू असलेला बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) मनाने एकदम बंद केला तरी छातीत कळ येऊ शकते.

डॉक्टरांना माझी एकच विनंती आहे. चिठ्ठी दातदुखीची असो वा सर्दीची, वरच्या कोपऱ्यात 'हृदयाच्या धमन्यांत अडथळे' एवढं लिहा. प्रत्येकाची पिशवी काही माझ्या काउंटरवर कलंडत नाही.

– एक औषधविक्रेता