टक्के सारखे, वाटा वेगळ्या

महोदय,

२०२५ च्या दहावीत कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांसह राज्यात पहिला. पेढे वाटून झाले, पण पुढे? दहा वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या दोघींना जवळपास सारखेच गुण होते. एकीचे काका डोंबिवलीला, राहायची सोय झाली. ती आज इंजिनिअर आहे. दुसरीचे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढायच्या कामावर. सकाळची एसटी चुकली की कॉलेज बुडायचं. बारावीनंतर ती काजू कारखान्यात लागली. (गणितात तीच उजवी होती हो!) शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत हात धरतो, नंतर बापाची ऐपत आणि मुंबईतली खोली. तालुक्याला मुलींचं वसतिगृह आणि कॉलेजच्या वेळेला एसटी, एवढं तरी द्या.

– एक वाचक, मालवण